‘मेटल गियर सॉलिड’ आजही इतका का नावाजला जातो?

प्रश्न : वाळपईचा वाचक

सर्वांना नमस्कार. मी सत्तरी तालुक्यात, वाळपईला राहतो आणि महाविद्यालयाच्या शेवटच्या वर्षाला आहे. माझा चुलतभाऊ माझ्याहून सोळा वर्षांनी मोठा असून त्याच्या तोंडी मी लहानपणापासून एकाच गेमचे नाव ऐकत आलो आहे. तो ‘मेटल गियर सॉलिड’, म्हणजे प्लेस्टेशन या खेळयंत्रावरचा, लपतछपत शत्रूच्या तळात शिरण्याचा १९९८ सालचा गेम, मी गेल्या महिन्यात, २०२३ साली निघालेल्या ‘मास्टर कलेक्शन’ या जुन्या भागांच्या संचामधून, पहिल्यांदाच खेळलो. पूर्ण करायला सहा संध्याकाळी लागल्या. या चर्चेत कथेतली रहस्ये उघड होणारच आहेत, तेव्हा ज्यांना अजून खेळायचे आहे त्यांनी येथेच थांबावे.

गेम मला आवडला नाही असे मी म्हणणार नाही. परंतु पंचवीस वर्षांहून अधिक काळ लोटल्यावरही जाणते खेळाडू ज्या आदराने त्याच्याविषयी बोलतात, तो आदर माझ्या मनात उमटला नाही, आणि उणीव माझ्या पाहण्यात आहे की गेममध्ये आहे, हे मला समजून घ्यायचे आहे. पात्रांच्या चेहऱ्यांवर डोळेच दिसत नाहीत, डोळ्यांच्या जागी नुसती सावली आहे. कॅमेरा वरून पाहत असल्यामुळे नेम धरणे अवघड जाते, आणि नायकाच्या डोळ्यांतून पाहायची सोय असली तरी तसे पाहताना चालता येत नाही आणि पिस्तूलही झाडता येत नाही. पहारेकऱ्यांची नजर जवळच संपते. त्यांनी आपल्याला पाहिले तरी थोडा वेळ लपून राहिले की ते सगळे विसरून पुन्हा गस्त घालू लागतात. नायकाची साथीदार मेरिल हिला गोळी लागल्यावर तर स्नायपर रायफल आणण्यासाठी, आलो ती सगळी वाट परत तुडवावी लागते. शिवाय कोडेकवरची, म्हणजे नायकाच्या रेडिओवरची, संभाषणे इतकी लांबतात की कधी कधी आपण गेम खेळतो आहोत की श्रुतिका ऐकतो आहोत असे वाटते.

यानंतरच्या काळात याच जातीचे अनेक गेम आले, ज्यांत मोकळे प्रदेश आहेत, शहाणे पहारेकरी आहेत आणि हातात अधिक सहजता आहे. म्हणून स्पष्ट विचारतो. लोक प्रेम करतात ते या गेमवर की ज्या वयात तो खेळला त्या वयावर? ‘अमुक गोष्ट सर्वप्रथम याच गेमने केली’ एवढे उत्तर मला पुरणार नाही, कारण पहिले असणे आणि चांगले असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आज नव्याने खेळणाऱ्याला त्यात काय सापडावे, हे कोणी समजावून सांगितले तर आभारी राहीन.


उत्तर : जुना कंट्रोलर, म्हापसा

तुमचा प्रश्न प्रामाणिक आहे, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

माझे मामा बोटीवर कामाला होते. २००० सालच्या पावसाळ्याआधी ते सुटीवर आले तेव्हा त्यांनी प्लेस्टेशन आणले, आणि आमच्या चौदा इंची टीव्हीवर मी हा गेम पहिल्यांदा पाहिला. त्या वयाचा माझ्या प्रेमात वाटा आहे, हे मी नाकारत नाही. मात्र चाळिशी उलटल्यावर मी तो पुन्हा दोनदा पूर्ण केला, आणि दोन्ही वेळा आधी न दिसलेल्या गोष्टी दिसल्या. वयावरच्या प्रेमाने आठवणी गोड होतील, पण नव्या गोष्टी सापडणार नाहीत.

सुरुवातीची पंधरा मिनिटे आठवून पाहा. नायक स्नेक पाण्याखालून पोहत शॅडो मोझेस बेटावरच्या तळाच्या धक्क्यावर येतो, तेव्हा त्याच्याकडे एकही शस्त्र नसते. दुर्बीण असते आणि सिगारेटचे पाकीट असते. मालवाहू लिफ्ट खाली येईपर्यंत तेथेच दबा धरून राहायचे असते. जमिनीवर एके ठिकाणी पाणी साचलेले आहे. त्यातून धावत गेलात तर छपछप होते आणि पहारेकरी मान वळवतो. वर आल्यावर हेलिपॅडच्या आवारात बर्फ आहे, आणि बर्फावर तुमच्या पावलांचे ठसे उमटतात. ते ठसे पहारेकऱ्याला दिसतात, तो थबकतो, आणि ठशांमागोमाग चालत थेट तुमच्यापर्यंत येतो. कोपऱ्यापाशी भिंतीला पाठ टेकवलीत की वर टांगलेला कॅमेरा खाली उतरतो आणि भिंतीच्या कडेने पलीकडची वाट दाखवतो. त्याच भिंतीवर टकटक केलीत तर पहारेकरी आपली जागा सोडून आवाज कुठून आला ते पाहायला येतो. या सर्व गोष्टी कोणीही पाटी लावून शिकवत नाही. तुम्ही काहीतरी करता आणि जागा तुम्हाला जबाब देते. माझ्या मते या गेमचे खरे मोठेपण येथे आहे. त्याचा प्रदेश आजच्या मानाने लहान आहे, पण त्या लहान प्रदेशात ठेवलेली एकही वस्तू मुकी नाही.

सिगारेटचेच पाहा. ओढली की जीव हळूहळू कमी होतो, म्हणून आपण ती निरुपयोगी समजून विसरून जातो. पुढे एका खोलीत अदृश्य अवरक्त किरणांचा सापळा लागतो, तेव्हा धुरात ते किरण उजळून दिसतात. कोठडीचा प्रसंग तर मी कित्येकांना शिकवणीसारखा समजावून सांगितला आहे. स्नेकला पकडून, छळ करून कोंडले जाते. तेथून सुटण्याचा एकच ठरलेला मार्ग नाही. तळावरचा मित्र झालेला शास्त्रज्ञ ओटाकॉन याने आणून दिलेले केचप अंगावर सांडून मेल्याचे सोंग करता येते, खाटेखाली दडून कोठडी रिकामी झाल्याचा भास निर्माण करता येतो, आणि काहीच सुचले नाही तर वाट पाहिल्यावर निंजा येऊन दार उघडतो. सुटल्यावर आपले सामान परत मिळते, आणि त्या सामानात छळ करणाऱ्या ओसेलॉटने गुपचूप एक टाइम बाँब सरकवून ठेवलेला असतो. ज्याने सामानाची यादी नीट पाहिली तो बाँब काढून फेकतो. ज्याने पाहिली नाही त्याच्या हातात तो फुटतो. लक्ष देणाऱ्याला फळ आणि दुर्लक्षाला शिक्षा, इतका सरळ न्याय मी क्वचितच अन्य गेममध्ये पाहिला.

आता पहारेकऱ्यांविषयी. त्यांची नजर आखूड आहे हे तुमचे निरीक्षण बरोबर आहे, पण मी त्याला दोष मानत नाही. पडद्याच्या कोपऱ्यातल्या रडारवर प्रत्येक पहारेकऱ्याच्या नजरेचा त्रिकोण स्वच्छ आखलेला दिसतो, म्हणजे नियम आपल्याला आधीच ठाऊक असतो, आणि म्हणून पकडले गेल्यावर ‘हे कसे झाले’ असे म्हणायला जागाच उरत नाही. चूक आपली असते. त्याहून महत्त्वाचे म्हणजे पकडले गेल्याक्षणी ते रडार बंद पडते. ज्या साधनावर आतापर्यंत विसंबून होतो, तेच नेमक्या गरजेच्या वेळी हातून निसटते, आणि ज्या गल्ल्या आपण नकाशावर पाहत होतो त्या डोळ्यांनी पाहत पळावे लागते. पळण्याची ती दोन मिनिटे लपण्याइतकीच विचारपूर्वक रचलेली आहेत. पहारेकरी विसरतात, कारण विसरले नाहीत तर खेळाडू प्रत्येक चुकीनंतर मागचा सेव्ह उघडील आणि चुकीतून सावरायला कधीच शिकणार नाही.

शेवटी एक आठवण सांगतो, कारण ती तुमच्या प्रश्नाशी जोडलेली आहे. आमची सीडी नक्कल केलेली होती, प्लास्टिकच्या पाकिटात आलेली. याचे आज वाईट वाटते, पण तेव्हा म्हापशात मूळ सीडी आमच्या दृष्टीसही पडत नव्हती. गेममध्ये ओलीस धरलेला शस्त्रकंपनीचा प्रमुख केनेथ बेकर सांगतो की मेरिलशी बोलायचा कोडेक क्रमांक सीडीच्या वेष्टनाच्या मागे आहे. त्याच वेळी तो स्नेकला एक ऑप्टिकल डिस्क देतो, म्हणून मी समजलो की याच डिस्कविषयी तो बोलत आहे. आठ दिवस मी ती डिस्क निवडून नाना बटणे दाबत होतो. नवव्या दिवशी कोडेकचा आकडा १४०.०० पासून एकेक पायरी पुढे नेत प्रत्येक आकड्यावर हाक द्यावी असे सुचले, आणि पाच मिनिटांत १४०.१५ वर मेरिलचा आवाज आला. काही वर्षांनी पणजीला एका मित्राच्या घरी मूळ सीडीचे वेष्टन हातात घेतले, उलटवले, आणि मागच्या एका लहानशा चित्रात तोच आकडा छापलेला दिसला. तळावरच्या सगळ्या कपाटांत शोधलेली वस्तू खरोखरच गेमच्या बाहेर, खोक्यावर होती. मी ते वेष्टन बराच वेळ हातात धरून बसलो होतो.


उत्तर : रंगमंच, पेडणे

म्हापशाच्या मित्रांनी वेष्टनाचा उल्लेख केलाच आहे, तेव्हा मी तोच धागा पुढे नेते. मी हौशी मराठी नाटकांत काम करते, आणि आमच्या पेडणे भागात दशावतारी काले पाहतच मोठी झाले. काल्यात संकासुर येतो तेव्हा तो समोर बसलेल्यांशी थेट बोलतो, आणि त्या क्षणी आपण नुसते बघे राहत नाही, आपलीही भूमिका ठरते. ‘मेटल गियर सॉलिड’चे दिग्दर्शक हिदेओ कोजिमा यांनी हीच जागा हेरली, आणि त्यासाठी त्यांच्या हाताशी असलेले यंत्र वापरले.

मन वाचणाऱ्या सायको मँटिस या शत्रूचा प्रसंग तुम्ही खेळलात, पण मला वाटते, आजच्या यंत्रावर त्याची धार बरीच उणावली असणार. मूळ यंत्रावर तो तुमचे मेमरी कार्ड, म्हणजे सेव्ह साठवायचे कार्ड, वाचायचा. त्यात कोनामीच्या, म्हणजे हा गेम काढणाऱ्या कंपनीच्या, दुसऱ्या गेमचे सेव्ह असले तर त्या गेमचे नाव घ्यायचा, आणि तुम्ही कितीदा सेव्ह करता त्यावरून तुमचा स्वभाव सांगायचा. मग तो कंट्रोलर जमिनीवर ठेवायला सांगायचा. मी तो आमच्या घरच्या गुळगुळीत कोब्यावर ठेवला होता. मँटिसने हात उंचावताच तो घरघरत सरकू लागला आणि माझी आजी, जी तोवर तांदूळ निवडत होती, सूप बाजूला ठेवून पाहू लागली. लढाईच्या मध्येच पडदा काळा होऊन कोपऱ्यात हिरव्या अक्षरांत ‘हिदेओ’ असे दिसायचे, अगदी टीव्हीवर ‘व्हिडिओ’ असे दिसते तसे, आणि आम्ही वायर सुटली म्हणून टीव्हीच्या मागे धावलो होतो. त्याला हरवायचा उपाय म्हणजे कंट्रोलरची वायर पहिल्या खाचेतून काढून दुसऱ्या खाचेत लावणे. जो मन वाचतो, त्याच्यापुढून आपले मनच दुसरीकडे न्यायचे.

याची आणखी एक बाजू फार कमी लोक सांगतात. ओसेलॉटच्या छळाच्या प्रसंगात जीव टिकवण्यासाठी बटण इतके भराभर दाबावे लागते की खरोखर हात भरून येतो, आणि तेथे मेलात तर ‘पुढे चालू’ हा पर्याय मिळत नाही, मागच्या सेव्हपासून सुरुवात करावी लागते. त्यानंतर कोठडीतून कोडेकवर डॉक्टर नाओमीशी बोललात तर ती कंट्रोलर दंडाला लावून धरायला सांगते, आणि तो हलकेच थरथरून तुमचा दुखरा हात चोळून देतो. भीती घालणारी आणि दिलासा देणारी थरथर एकाच कंट्रोलरची असते. छळ सोसला की शरण गेलो यावर मेरिल जगते की मरते हे ठरते, म्हणजे तुमच्या बोटांच्या दमाची किंमत दुसरे कोणी मोजते.

आता परतीच्या वाटेविषयीची तुमची तक्रार. ती मलाही पहिल्यांदा वाटली होती. परंतु शेवटाकडची किल्ली आठवा. अणुक्षेपणास्त्र निष्क्रिय करण्यासाठी तीन किल्ल्या हव्या असतात, आणि प्रत्यक्षात एकच किल्ली असते, जी थंडीत एक आकार घेते आणि उष्णतेत दुसरा. म्हणून आपण ती घेऊन गोठवणाऱ्या कोठारात जातो, तेथे ती पुरेशी गार होईपर्यंत थांबतो, परत येतो, मग भट्टीपाशी जातो, तेथे थांबतो, पुन्हा परत येतो. शेवटची किल्ली यंत्रात सरकवल्यावर कळते की आपण क्षेपणास्त्र निष्क्रिय केले नसून सज्ज केले आहे, आणि ज्या मास्टर मिलरच्या सल्ल्यावर इतका वेळ विसंबून होतो तो मिलरच्या सोंगातला, शत्रूंचा म्होरक्या लिक्विड आहे. ही बातमी आपल्याला नुसती ऐकवली असती तर ती कथेतली आणखी एक कलाटणी ठरली असती. पण ती सगळी पायपीट आपण स्वतःच्या हाताने केलेली असते. फसवणूक झाली ती आपल्या श्रमांची, आणि म्हणून ती लागते. ती वाट कोणी कापून लहान केली, तर प्रसंगही तेवढाच लहान होईल.

दुरून नेम साधणाऱ्या स्नायपर वुल्फ या शत्रूच्या मृत्यूबद्दल मला जास्त लिहवत नाही. युद्धभूमीत जन्मलेली कुर्द स्त्री बर्फात पडलेली असते, तिच्यावर प्रेम करणारा ओटाकॉन शेजारी असतो, आणि जिला आपण एवढ्या कौशल्याने टिपले तिची शेवटची इच्छाही आपल्यालाच पुरवावी लागते. निघताना ओटाकॉन विचारतो की ती कशासाठी लढत होती, मी कशासाठी लढतो आहे, आणि तू कशासाठी. तेव्हा स्नेक उत्तर पुढे ढकलतो. शत्रूच्या मृत्यूपाशी इतका वेळ थांबणारा गेम मी त्याआधी पाहिलेला नव्हता. शेवटीही अण्वस्त्रांचीच गोष्ट चालू राहते. १९९३ साली सह्या झालेल्या स्टार्ट-२ या अमेरिका-रशिया अण्वस्त्रकपात कराराचा उल्लेख पडद्यावर येतो, आणि आपण जो तळ मागे सोडला तो काल्पनिक असला तरी ती अस्त्रे काल्पनिक नाहीत, याची आठवण दिली जाते. त्या लांब संभाषणांचा भार मलाही जाणवतो, काही ठिकाणी ती निश्चितच आवरती घ्यायला हवी होती. पण ज्याला काही सांगायचेच आहे, त्याचे लांबलेले बोलणे मी ऐकून घेते.


उत्तर : संगणकाचा शिक्षक, मडगाव

वरच्या दोन्ही उत्तरांशी मी बहुतांशी सहमत आहे. तरीही दोन गोष्टी नोंदवाव्याशा वाटतात, एक इतिहासाची आणि एक मतभेदाची.

लपण्याची ही कल्पना यंत्राच्या दुबळेपणातून आली आहे. कोजिमा १९८६ साली कोनामीत आले, आणि त्यांच्याकडे एमएसएक्स-२ या घरगुती संगणकासाठी युद्धाचा गेम करण्याचे काम आले. त्या यंत्राला पडद्यावर एकाच वेळी खूप सैनिक आणि गोळ्या हलवणे झेपत नव्हते. मग लढण्याऐवजी लपण्याचा गेम करावा असे ठरले, आणि १९८७ साली पहिला ‘मेटल गियर’ आला. १९९० सालच्या दुसऱ्या भागात रडार, सरपटणे आणि आवाजाने सावध होणारे पहारेकरी हे सगळे आले होते. म्हणजे १९९८ चा गेम आभाळातून पडला नाही, त्याच्यामागे दहाहून अधिक वर्षांची मशागत होती. प्लेस्टेशनची मुख्य स्मृती अवघी २ मेगाबाइट होती, आणि त्यात त्रिमितीय तळ बसवायचा होता. जागांची आखणी आधी लेगोच्या विटा रचून केली गेली, याचा परिणाम मला तळाच्या प्रत्येक खोलीत दिसतो, कारण कुठे उभे राहिल्यावर कोणता कोपरा झाकला जाईल हे कोणीतरी हाताने रचून पाहिलेले आहे. तुम्हाला चेहऱ्यांवर डोळे दिसत नाहीत, ते याच टंचाईमुळे. ओठ हलवता येत नाहीत म्हणून पात्रे बोलताना मान हलवतात. पण बहुतेक सर्व प्रसंग त्याच यंत्रणेत घडवल्यामुळे खेळ आणि दृश्य यांत सांधा दिसत नाही. त्या काळच्या कित्येक गेममध्ये मध्येच वेगळ्या बनावटीची चकचकीत चित्रफीत सुरू व्हायची आणि तीच पात्रे परकी वाटायची. गेमचे चित्रकार योजी शिंकावा यांच्या कुंचल्याच्या रेखाटनांतला ओबडधोबडपणा या टंचाईशी चांगला जुळला, असेही मला वाटते.

आता मतभेद. रडारचा त्रिकोण हा म्हापशाच्या मित्रांना न्याय वाटतो, मला ती एक अडचण वाटते, कारण खेळाडूची नजर समोरच्या जागेवरून उठून पडद्याच्या कोपऱ्यातल्या ठिपक्यांवर खिळते. त्याच १९९८ साली लुकिंग ग्लास स्टुडिओजचा ‘थीफ’ आला. त्यात असा नकाशा नाही. पडद्याच्या तळाशी एक रत्न असते, जे आपण उजेडात आहोत की अंधारात एवढेच सांगते, आणि बाकी सगळे कानांवर. फरशीवर पाऊल वाजते, गालिच्यावर वाजत नाही, मशाल पाण्याच्या बाणाने विझवता येते, आणि सर्वांत कठीण पातळीवर माणूस मारायला मनाईच असते. लपण्याच्या कलेचा विचार केला तर माझ्या मते ‘थीफ’ खोल जातो, आणि ‘मेटल गियर सॉलिड’च्या कौतुकात तो झाकोळला गेला याची मला खंत आहे. त्याच वर्षी जपानमधून ‘तेनचू’ही आला होता, पण त्याविषयी पुन्हा कधीतरी.

तरीसुद्धा वर्गात विद्यार्थ्यांना दाखवण्यासाठी मी निवडतो तो ‘मेटल गियर सॉलिड’च. गेल्या वर्षी मी दोन विद्यार्थ्यांना हेलिपॅडचे आवार दिले आणि नियम न सांगता फक्त पाहत बसलो. एकाने सरळ धाव घेतली आणि तिसऱ्या मिनिटाला तो पकडला गेला. दुसरी मुलगी एका जागी थांबून राहिली. सर्चलाइटचा झोत किती वेळाने परत येतो, हे ती ओठांतल्या ओठांत मोजत होती. मी तिला काही सांगितले नव्हते आणि गेमनेही सांगितले नव्हते. नियम न सांगता माणसाला मोजायला लावणारी रचना कशी असते, हे शिकवायला मला याहून चांगले उदाहरण अद्याप सापडलेले नाही. तुम्ही एक करून पाहा. कठीण पातळीवर रडार मिळतच नाही. तेथे हाच गेम पुन्हा सुरू करा. माझी तक्रारही दूर होते आणि कदाचित तुमचीही होईल.


वाळपईचा वाचक

तिघांचेही मनापासून आभार. उत्तरे वाचून लगेच काही लिहायचे नाही, आधी खेळायचे, असे ठरवले होते, म्हणून चार दिवस लागले.

मडगावच्या सरांनी सांगितल्याप्रमाणे कठीण पातळी घेतली. पहिल्या वेळी मी धक्क्यावरचे आवार कसे ओलांडले होते ते आठवले तर खरोखर ओशाळल्यासारखे होते, कारण मी सबंध वेळ रडारचा चौकोन पाहत होतो आणि साचलेले पाणी मला दिसलेच नव्हते. या वेळी दिसले. मेरिलची रायफल आणायला मागे फिरलो तेव्हा पूर्वी जी वाट कंटाळवाणी वाटली होती, तिच्यावर मी धावत होतो, कारण ती तिकडे रक्तात पडली आहे हे या खेपेला डोक्यातून गेले नाही. कोडेकवरच्या काही गप्पा मात्र मला अजूनही लांबच वाटतात, आणि तेवढ्यापुरता माझा आक्षेप मी मागे घेत नाही.

एक प्रयोग मुद्दाम केला, तो सांगतो. हेलिपॅडच्या बर्फात मी एका पहारेकऱ्याच्या वाटेवर जाणूनबुजून ठसे उमटवले आणि खोक्यांच्या आडून वळसा घालून थांबलो. तो आला, खाली पाहिले, आणि ठशांमागोमाग चालू लागला. मी त्याच्या पुढे पुढे, खोक्यांच्या भोवती, पाऊल मोजून सरकत राहिलो. वाटेत मागचे ठसे पुसट होत गेले. एका वळणावर ते संपले, तेव्हा तो तेथेच उभा राहिला, इकडेतिकडे पाहिले आणि परत फिरला. मी त्याच्यापासून दोन हातांवर, भिंतीला पाठ लावून उभा होतो, आणि कॅमेरा खाली उतरलेला असल्यामुळे त्याची पाठमोरी आकृती बर्फातून लहान होत जाताना मला दिसत होती.

भावाला फोन करून हे सांगितले. तो काही वेळ नुसताच हसत राहिला आणि मग म्हणाला की या शनिवारी तो वाळपईला येतो आहे, जुने प्लेस्टेशन माळ्यावर आहे, मेमरी कार्डही असेल, आणि मँटिसपर्यंत त्याच्यावरच जायचे.